‘कोड आला की सेन्सर बदला’ : पोकलेनवाल्यांमध्ये फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पोकलेन मालक आणि ऑपरेटर यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा की, डिस्प्लेवर बिघाडाचा कोड आला तर बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवावी. कोड परत आला तर त्यात ज्या सेन्सरचे नाव येते तो बदलावा. एकदम चार-पाच कोड आले तर कंट्रोलर, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेला असे समजावे. पावसात आलेला कोड मशीन वाळली की जातो, त्याकडे लक्ष देऊ नये. आणि कंपनीच्या माणसाला बोलावण्यात अर्थ नाही, कारण तो लॅपटॉप जोडून हेच सांगतो आणि वर बिल लावतो. यातले शेवटचे गाऱ्हाणे पूर्णपणे निराधार नाही, म्हणूनच बाकीचा सल्लाही लोकांना खरा वाटतो. तो मुद्द्यागणिक तपासून पाहू.

बॅटरी काढण्याने बिघाड जात नाही. बहुतेक मशीनमध्ये नोंदलेले कोड कंट्रोलरच्या कायमस्वरूपी स्मृतीत राहतात आणि वीज तोडली तरी पुसले जात नाहीत. डिस्प्लेवरचा चालू कोड तेवढा काही वेळ दिसेनासा होतो, आणि ज्या कारणाने तो आला ते कायम असेल तर चावी फिरवताच किंवा मशीन भारावर येताच परत येतो. उलट चावी बंद केल्यावर कंट्रोलर काही वेळ आपल्या नोंदी लिहीत असतो. त्याच क्षणी वायर ओढली तर कोड कोणत्या तासाला आला आणि किती वेळा आला, ही सर्वांत उपयोगाची माहिती अर्धवट राहू शकते.

‘नाव येईल तो सेन्सर बदला’ हा मुद्दा सर्वांत महागात पडणारा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. कोड सेन्सरवर बोट ठेवत नाही. कोणत्या सर्किटमध्ये कंट्रोलरला न पटणारे काय दिसले, एवढेच तो सांगतो. आज अनेक कंपन्यांच्या इंजिनांत वापरल्या जाणाऱ्या जे 1939 पद्धतीत कोडाचे दोन भाग असतात. पहिला आकडा विषय सांगतो, उदाहरणार्थ 100 म्हणजे इंजिन ऑइलचा दाब आणि 110 म्हणजे कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान. दुसरा आकडा बिघाडाचा प्रकार सांगतो : 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, 4 म्हणजे प्रमाणाबाहेर कमी, 5 म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, आणि 1 म्हणजे सिग्नल बरोबर आहे, पण मोजलेली गोष्टच धोक्याइतकी खाली गेली आहे. कमिन्स कंपनीच्या इंजिनातले, कंपनीच्या स्वतःच्या क्रमांकांचे तीन कोड घेतले तर हा फरक डोळ्यांसमोर येतो. 135 आणि 141 हे ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमधील अनुक्रमे जास्त आणि कमी व्होल्टेजचे कोड आहेत. 415 मात्र ऑइलचा दाब खरोखरच पडल्याचा इशारा आहे. तिन्ही ठिकाणी ‘ऑइल प्रेशर’ हेच शब्द वाचून जो सेन्सर बदलतो आणि 415 असताना मशीन चालू ठेवतो, त्याला पुढे क्रँक आणि बेअरिंगचा खर्च येतो.

व्होल्टेजचा कोड असला तरी सेन्सरच दोषी असे ठरत नाही. कूलंट तापमानाचा दोन वायरचा सेन्सर ही सर्वांत सोपी तपासणी आहे. चावी बंद करून त्याचा कनेक्टर काढावा, मग चावी चालू करून हार्नेसकडच्या (वायरींच्या जुडीकडच्या) दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. साधारण 5 व्होल्ट मिळाले आणि ‘कमी व्होल्टेज’चा कोड जाऊन ‘जास्त व्होल्टेज’चा आला, तर वायर आणि कंट्रोलर दोन्ही शाबूत आहेत आणि संशय सेन्सरवर जातो. कनेक्टर काढूनही ‘कमी व्होल्टेज’चाच कोड कायम राहिला तर बहुधा वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे, आणि नवा सेन्सर बसवून काहीही साधणार नाही. पंपाच्या दाबाचे सेन्सर तीन वायरचे असतात. तिथे पिनांमध्ये वायरचा तुकडा घालून शॉर्ट करण्याचा प्रयोग करू नये, सर्किट डायग्राम पाहूनच मोजावे. दोन पंपांचे सेन्सर एकसारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून कोड सेन्सरबरोबर सरकतो की जागेवरच राहतो हे पाहता येते, आणि त्याला नवा भाग लागत नाही.

एकदम अनेक कोड आले म्हणजे कंट्रोलर गेला, हा निष्कर्ष तर नेमका उलटा आहे. अनेक सेन्सर 5 व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीच्यांचाही पुरवठा बसतो आणि डिस्प्लेवर कोडांची रांग लागते. असे सेन्सर एकेक करून काढत जावे. ज्याच्यापाशी 5 व्होल्ट परत येतात तो चोर. कोड कंट्रोलरांमधील संपर्क तुटल्याचे असतील तर मशीनची वीज बंद करून कॅन लाइनच्या, म्हणजे कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजावा. दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर असल्यामुळे तो सुमारे 60 ओहम यायला हवा. 120 आला तर एक टोक तुटले आहे, आणि शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्या आहेत.

कंट्रोलरला दोष देण्याआधी त्याला मिळणारी वीज आणि अर्थिंग भारावर तपासणे आवश्यक आहे. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरवर 24 व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्याच पिनेवर 24 व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि खरे काय ते कळते. कंट्रोलर खरोखर जळतात, नाही असे नाही. साइटवर बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर न काढणे आणि वेल्डिंगची अर्थ जोडापासून लांब कुठेतरी लावणे, हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे.

पावसाचा मुद्दा आपल्या भागात विशेष लागू आहे. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळाभर काम करणाऱ्या मशीनच्या कनेक्टरमध्ये ओल आणि तांबडा चिखल शिरतो. वाळल्यावर कोड जातो हे खरे, पण पिनेवर चढलेला हिरवा थर जात नाही, आणि पुढच्या वेळी तोच कोड कोरड्या दिवशी येतो. कनेक्टर उघडून रबरी सील पाहावे, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात आणि ढिल्या पिना बदलाव्यात. साधे ग्रीस ठासून भरणे हा उपाय नाही. टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या कव्हरमध्ये खुपसणे तर त्याहून वाईट, कारण त्याच भोकातून पाणी आत जाते आणि तांबे आतल्या आत कुजते.

राहिला बिलाचा प्रश्न. लॅपटॉप जोडून, कोड वाचून, काहीही न मोजता भाग लिहून देणारे मेकॅनिक आहेत, कंपनीचे आहेत आणि बाहेरचेही. मात्र त्यावर उपाय म्हणून स्वतःही न मोजता भाग बदलणे याला काय म्हणावे? मालकाने जॉब कार्डवर मोजलेले व्होल्ट आणि ओहम लिहून मागावेत, काढलेला भाग ताब्यात घ्यावा, आणि ऑपरेटरला एवढेच सांगून ठेवावे की कोड आला की चावी बंद करण्याआधी डिस्प्लेचा फोटो काढ, आणि त्या वेळी मशीन काय करत होती ते मीटरवरच्या तासांच्या आकड्यासह लिहून ठेव.