पिवळी पडलेली बाटली मुलांना दिसू द्या

आज एका विज्ञानाच्या बाईंना ऐकावं लागलं, "बिघडलेले प्रयोग कशाला दाखवता? पोर्शन संपवा." बाईंनी कॅन्सरच्या लॅबमध्ये काम केलंय. वर्गात त्यांनी फक्त एक फोटो लावला होता: पेशी वाढवायची बाटली, आदल्या दिवशी लालबुंद असलेलं मीडियम (पेशींना पोसणारं द्रव) एका रात्रीत पिवळं आणि गढूळ. सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. आणि नेमकं तेच खुपलं!

अहो, त्या पिवळ्यात अख्खा धडा आहे. मीडियममध्ये फिनॉल रेड नावाचा रंग बदलणारा दर्शक असतो. पीएच ७.४ च्या आसपास लाल, आम्ल वाढलं की पिवळं. ३७ अंश तापमान आणि भरपूर ग्लुकोज कॅन्सरच्या पेशींना मानवतं, तसंच जिवाणूंनाही. लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या हेला नावाच्या कॅन्सर पेशी दुप्पट व्हायला साधारण २४ तास घेतात, कित्येक जिवाणूंना अर्धा तास पुरतो. पिपेटचं (द्रव मोजून घालायच्या नळीचं) टोक नको तिथे टेकलं की जिवाणू आत शिरतात, आम्ल वाढतं, खेळ खलास. हातमोजे ७० टक्के अल्कोहोलनेच का पुसायचे, १०० टक्के का नाही? कारण पाण्याशिवाय जिवाणूंची प्रथिनं नीट बिघडत नाहीत, आणि निव्वळ अल्कोहोल लगेच उडून जातं. हा प्रश्न मुलांना ती पिवळी बाटली बघूनच पडतो.

शाळेत कॅन्सरच्या पेशी आणता येत नाहीत, मान्य. आणूही नयेत. पण यीस्ट तर आणाल? कोमट पाण्यात कालवा, दोन भाग करा, एक भाग १० मिनिटं उकळून गार करा. दोन्हींत मिथिलीन ब्लूचं अगदी फिकं द्रावण घाला आणि ४०० पट मोठं करून बघा. मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत बिनरंगी, कारण जिवंत पेशी तो रंग मोडून टाकते. उकळलेला भाग म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठीचा नमुना. तो नसेल तर निळं म्हणजे मेलेलं हे ठरवणार कशावरून? रंग गडद झाला किंवा फार वेळ ठेवला तर जिवंतही निळ्या दिसतात. दोघांनी वेगवेगळं मोजा, प्रत्येकी २०० पेशी. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. लॅबमध्ये दुसरं काय करतात?

परीक्षा डोक्यावर असते, त्यामुळे बोलणाऱ्यांचीही अडचण कळते. पण शेवटच्या बाकावरून एका मुलीने हळूच विचारलं होतं, "मग त्या पेशी वाचल्या का?"

नाही वाचल्या. बाईंनी खरं ते सांगितलं: बाटलीत ब्लीच ओतलं, अर्धा तास ठेवलं, टाकून दिलं. मग द्रव नायट्रोजनमधून, उणे १९६ अंशांतून, जपून ठेवलेली कुपी काढली, ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवली आणि नव्या बाटलीत पहिल्यापासून सुरुवात केली.