तापलेलं इंजिन, तुटलेला बेल्ट आणि पाच वेळा रुतलेली स्लेड: तुमच्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

फॅमिली डेच्या जोडसुट्टीत कॅल्गरीहून तुम्ही चौघे रेव्हलस्टोकला आलात आणि आमच्याकडून दोन दिवसांसाठी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या (त्यांनाच स्लेड म्हणतात), नेल्यात. तुम्ही मराठीत सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. अभिप्राय वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या वाट्याच्या नव्या गाडीचा तापमानाचा दिवा पहिल्याच सकाळी दोनदा लागला. दुपारी बेल्ट (इंजिनाची ताकद पुढे नेणारा रबरी पट्टा) तुटला आणि त्याचे पैसे आम्ही तुमच्याकडूनच घेतले. खोल बर्फात गाडी पाच वेळा रुतली, ट्रेलवर ती वळणात कलंडत होती आणि वर गेल्यावर तिचा जोर कमी पडला. शिवाय मोठ्या उतारावर चढाईला आम्ही आधीच मनाई केली. यावरून तुमचा निष्कर्ष असा की आम्ही सदोष गाडी भाड्याने दिली.

गाडी सदोष नव्हती. मात्र ती तुमच्या हातात देताना आमच्याकडून तीन गोष्टी राहिल्या, आणि तुमचा पहिला दिवस त्यांमुळेच वाया गेला.

तापण्यापासून सुरुवात करतो. या गाडीला मोटारीसारखा पुढे रेडिएटर आणि पंखा नसतो. कूलंट टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या छताच्या) आतल्या बाजूला बसवलेल्या हीट एक्स्चेंजरमधून फिरतं, आणि ट्रॅकने, म्हणजे गाडीला ढकलणाऱ्या फिरत्या रबरी पट्ट्याने, उडवलेला बर्फ त्याच्यावर आदळून वितळतो, तेव्हा ते थंड होतं. भुसभुशीत बर्फात गेजवर साधारण 50 अंशांच्या आसपास आकडा दिसतो. पण सकाळी ट्रेल कडक असतो, रोलरने दाबलेला आणि रात्रभर गोठलेला. त्यावर ट्रॅक बर्फ उचलतच नाही, मग आकडा झपाट्याने चढतो. ट्रॅकच्या आत, तो ज्यांवरून सरकतो त्या रेल्सवर, ज्या प्लास्टिकच्या स्लाइड्स असतात त्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो. तो मिळाला नाही तर त्या तापून मऊ होतात आणि भराभर झिजतात.

त्यासाठी रेल्सवर स्क्रॅचर असतात, स्प्रिंगसारख्या दोन पोलादी तारा. त्या खाली सोडल्या की कडक पृष्ठभाग खरवडून बर्फाचा चुरा वर उडवतात. तुमच्या गाडीचे स्क्रॅचर वर अडकवलेले होते. ते सोडायला आमच्या माणसाने सांगितलं नाही, ही आमची पहिली चूक. ट्रेलवर निघतानाच ते सोडायचे आणि खोल बर्फात शिरलात की वर अडकवायचे. रिव्हर्स घेण्याआधीही वर अडकवायचे, नाहीतर तार बर्फात रुतून वाकते किंवा तुटते.

दिवा लागल्यावर तुम्ही गाडी थांबवलीत ते बरोबर केलंत. पण नंतर ती दहा मिनिटं आयडलवर ठेवलीत, त्याने इंजिन थंड होत नाही. पंप तेच गरम पाणी फिरवत राहतो. अशा वेळी स्क्रॅचर सोडा आणि ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फातून सावकाश चालवत राहा. मऊ बर्फ जवळ नसेल तर इंजिन सरळ बंद करा आणि टनेलवर व रनिंग बोर्डवर हाताने बर्फ टाका. गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. गाडी परत आल्यावर आम्ही कूलंटची पातळी पाहिली, यंत्रणेला दाब देऊन गळती तपासली आणि थर्मोस्टॅट तपासला. तिन्ही ठीक आहेत.

आता बेल्ट. तुटलेला बेल्ट आम्ही जपून ठेवला आहे आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी काय झालं ते कळतं. तो एकाच जागी, बोटभर लांबीत, कंबरेसारखा अरुंद झाला आहे. त्या जागी दोन्ही कडा जळून चकाकतात, बाकीची सगळी लांबी धडधाकट आहे. क्लच एका रेषेत नसते तर एकच कड पूर्ण लांबीभर झिजली असती. पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) फार वेळ ताणल्याने तापला असता तर दोन्ही कडा सगळीकडे काचेसारख्या झाल्या असत्या आणि दोरे सुटले असते. एकाच जागी जळण्याचा अर्थ असा की पुढचा प्रायमरी क्लच फिरत होता आणि बेल्ट जागचा हलत नव्हता. हे होतं ट्रॅक गोठलेला असताना. आदल्या संध्याकाळचा ओला बर्फ रात्री ट्रेलरवर गोठतो, ट्रॅक रेल्सना चिकटतो आणि सकाळी थ्रॉटल दाबला की गाडी जागची हलत नाही, नुसतं इंजिन ओरडतं. तेवढे दोन-तीन सेकंद बेल्टला पुरतात. तुटतो मात्र तो काही तासांनी, म्हणून कारण लक्षात येत नाही.

सकाळी सुरू करण्याआधी मागचा बंपर दोघांनी धरून गाडी उचलायची आणि खाली सोडायची, तीन-चार वेळा. स्कींची टोकं डावी-उजवी हलवून तीही मोकळी करायची. इंजिन सुरू केल्यावर टनेलला हात लावून तो कोमट लागेपर्यंत थांबायचं. थंड इंजिनावर जोर दिला तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि अडकू शकतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा हा फार महागडा बिघाड. मग अगदी हलका थ्रॉटल देऊन ट्रॅक फिरतोय याची खात्री करून घ्यायची.

इथे आमची दुसरी चूक आहे. त्या सकाळी आमच्या मेकॅनिकने तुमच्या गाडीला नवाकोरा बेल्ट चढवला होता. इंजिनाचे सुरुवातीचे 10 तास आम्ही आमच्याकडेच पूर्ण केले होते, पण नव्या बेल्टलाही पहिले 50 किलोमीटर थ्रॉटल कमी-जास्त करत, पूर्ण न दाबता चालवावं लागतं. तुमच्या सीटखालचा जादा बेल्ट आणि तो बदलायचं हत्यार कुठे आहे हे सांगितलं, पण करून दाखवलं नाही. म्हणून मित्र परत येईपर्यंत तुम्हाला दोन तास थंडीत थांबावं लागलं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ते काम जागेवर पंधरा मिनिटांचं आहे.

इंजिन बंद करा, टेदर (चालकाला बांधलेली, निघाली की इंजिन बंद करणारी दोरी) काढा, क्लच थंड होऊ द्या. बाजूचं पॅनेल आणि बेल्टचं गार्ड काढा. टूलकिटमधला बोल्टसारखा एक्स्पांडर सेकंडरी, म्हणजे मागच्या, क्लचच्या छिद्रात फिरवत जा, चकत्या फाकतात. बेल्ट आधी सेकंडरीवरून आणि मग प्रायमरीवरून काढा. तुटलेल्या बेल्टचे दोरे आणि तुकडे दोन्ही क्लचमधून, विशेषतः शाफ्टभोवतीचे, एकेक करून काढा. घाईत लोक हेच सोडतात आणि तोच दोरा पुढे सील खराब करतो. चकत्या स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट हातमोजा लागू देऊ नका. नवा बेल्ट बाणाच्या दिशेने बसवा, एक्स्पांडर काढा, मागची बाजू उचलून धरून हलका थ्रॉटल द्या म्हणजे बेल्ट आपल्या जागी बसेल. तो सेकंडरीच्या कडेच्या बरोबरीत किंवा जेमतेम मिलिमीटरभर वर हवा. आयडलवरच गाडी पुढे सरकू पाहत असेल तर बेल्ट घट्ट आहे. खूप खाली बसला असेल तर निघताना धक्का बसतो. पॅनेलच्या जाळ्या बर्फाने बंद झालेल्या नाहीत हेही पाहा, बेल्टला हवा तिथूनच मिळते.

रबर जळल्याचा वास, हळू वेगात ठकठक, किंवा आरपीएम चढतोय आणि वेग नाही, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं. फुटलेला बेल्ट पॅनेल आणि तारांचं नुकसान करतो.

रुतण्याबद्दल. ही 165 इंची ट्रॅकची, 3 इंची पॅडलची (ट्रॅकवरच्या उंच रबरी पट्ट्यांची) गाडी आहे, कोरडं वजनच दोनशे किलोंच्या पुढे. मागच्या टॉर्शन स्प्रिंगचं प्रीलोड (आधीच दिलेला ताण) तुमच्या वजनासाठी लावलं नव्हतं, आदल्या हलक्या चालकाच्या मापावरच राहिलं होतं. ही तिसरी चूक. मागचा भाग बसला की नाक वर उठतं आणि ट्रॅक पुढे जाण्याऐवजी खाली खणतो. पण पाचपैकी पाचही वेळा तेच कारण असेल असं मला वाटत नाही. ट्रॅक फिरतोय आणि गाडी पुढे जात नाही असं दिसताक्षणी थ्रॉटल सोडायचा. आणखी दोन सेकंद दाबलात तर अर्धा मीटर खड्डा तयार. मग रनिंग बोर्डाखालचा आणि टनेलमधला बर्फ फावड्याने काढा, ट्रॅकच्या पुढचा बर्फ पायांनी तुडवून उतार बनवा आणि स्की डोंगराच्या खालच्या दिशेला ओढून घ्या. एक मिनिट थांबा, तुडवलेला बर्फ घट्ट होतो. निघताना उभे राहा, वजन पुढे, थ्रॉटल एकसारखा. झटका देऊ नका.

वळणात कलंडणं हा तर या गाडीचा स्वभाव आहे. डोंगरी स्लेडच्या दोन स्कींमधलं अंतर 36 इंचांच्या आसपास असतं, ट्रेलच्या गाडीचं 42च्या घरात. अरुंद असल्यामुळेच ती खोल बर्फात एका कडेवर झुकवता येते. आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूच्या रनिंग बोर्डवर उभं राहायचं, हँडल दरीच्या बाजूला वळवायचं आणि थ्रॉटलचा छोटा ठोसा द्यायचा. गाडी डोंगराकडे झुकते आणि तशीच तोलून नेता येते. पहिल्यांदा हे सगळ्यांनाच उलटं वाटतं. कडक ट्रेलवर मात्र वेग कमी ठेवणं आणि शरीर वळणाच्या आत झुकवणं एवढाच उपाय आहे.

जोर कमी पडला हे खरं आहे. गाव 480 मीटरवर, वरचे माथे 2000 मीटरच्या पुढे. दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद जाते. क्लचची वजनं आम्ही त्याच उंचीसाठी लावलेली आहेत.

चढाईच्या मनाईबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. 13 मार्च 2010 रोजी रेव्हलस्टोकजवळच्या याच बोल्डर माउंटनवर, टर्बो बोल नावाच्या खोलगट भागात, गर्दी जमलेली असताना हिमकडा कोसळला आणि दोन जण गेले. बहुतेक हिमप्रपात 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि चढाईची पैज लावावीशी वाटते ती अशाच उतारांवर. निघण्याआधी हिमप्रपाताचा अंदाज देणाऱ्या ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचं त्या दिवसाचं पत्रक वाचायचं. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी). उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांनी हिमकड्याच्या वाटेपासून दूर थांबायचं. कोणी रुतलं तर दुसऱ्याने मदतीला वर जायचं नाही. तुमच्या गटात एकाकडेच ट्रान्सीव्हर होता, म्हणून आम्ही नाही म्हणालो, आणि पुढच्या वेळीही तसंच असेल तर तसंच म्हणू.

बेल्टचे पैसे आणि पहिल्या दिवसाचं पूर्ण भाडं ज्या कार्डावरून आलं त्यावर परत पाठवलं आहे. वाकलेल्या डाव्या ए-आर्मचे (स्कीला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) पैसे परत करत नाही. त्यावर झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले आहेत, फोटो तुम्हाला पाठवला आहे. या आठवड्यापासून गाडी देताना ग्राहकाचं वजन बॅगसकट विचारून स्प्रिंग लावतो, स्क्रॅचर त्याच्याकडून स्वतः सोडून-अडकवून घेतो आणि पार्किंगमध्येच एकदा बेल्ट काढून बसवायला लावतो. तुमचा तुटलेला बेल्ट काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेला आहे. इकडे आलात तर हातात घेऊन पाहा, आणि माझं निदान पटलं नाही तर तिथेच बोलू.