तीन अक्षरांपायी अख्खी रात्र

काल रात्री साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत आम्ही मामा-भाची एका पांढऱ्याफटक पानाकडे बघत बसलो होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, चुकून उमटलेलं एखादं अक्षरही नाही. भाची बीसीएला आहे, आज सकाळी तिचं जर्नल सबमिशन होतं, आणि पीएचपीचा (सर्व्हरवर चालणारी, वेबपानं बनवायची भाषा) पहिलावहिला प्रोग्राम, एको म्हणजे छापायची आज्ञा देऊन 'नमस्कार' दाखवायचा, एवढाच, तो पडद्यावर यायला तयार नव्हता.

काय काय करून झालं ते ऐका. घरच्या मशिनलाच सर्व्हर बनवणाऱ्या झॅम्पमध्ये अपाची, म्हणजे वेब सर्व्हर, हिरवा, चालू. फाइल सर्व्हरच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्येच. पत्ता लोकलहोस्टचाच, म्हणजे आपल्याच मशिनवरच्या सर्व्हरचा, डबल क्लिकचा नाही. नोटपॅडने गुपचूप चिकटवलेलं डॉट टीएक्सटीचं शेपूट तर आम्ही नऊ वाजताच कापलं होतं. पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल उघडून डिस्प्ले एरर्स ऑन आहे ना ते बघितलं, तरी अपाची बंद करून पुन्हा चालू केला. पांढरं. एरर लॉग उघडला, तर त्यात या फाइलचं नावसुद्धा नाही. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये मात्र २००, म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं आलबेल. कमांड लाइनवर डॅश एल लावून फाइल तपासली, उत्तर आलं, 'नो सिंटॅक्स एरर्स डिटेक्टेड'. म्हणजे पोरगी तापाने फणफणलेली आणि रिपोर्ट नॉर्मल, तसं! कॅशे साफ केली, ब्राउझर बदलला, फाइल नव्याने टाइप केली. एक वाजता तिने झॅम्प काढून पुन्हा टाकलं. पुन्हा पांढरं.

शेवटी वैतागून मी कंट्रोल यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे सर्व्हरने पाठवलेला मूळ मजकूर, उघडला. अख्खा कोड तिथे जसाच्या तसा पडलेला. आणि पहिल्या ओळीत नुसतं <? आणि पुढे काहीच नाही. 'पीएचपी' ही तीन अक्षरं नाहीत.

झालं होतं असं की शॉर्ट टॅग (पूर्ण टॅगऐवजी नुसत्या <? ने कोड सुरू करायची सोय) तिच्या मशिनवर बंद होता, झॅम्पमध्ये तो बंदच येतो. पीएचपीला ती फाइल म्हणजे साधा मजकूर वाटला, त्याने तो तसाच पुढे पाठवला. ब्राउझरला <? पासून पुढचं सगळं कॉमेंट वाटलं, त्याने ते लपवलं. दोघांनी आपापलं काम नियमाने केलं, त्यामुळे तक्रार कुणीच केली नाही. आणि या दोघांच्या मधे एक एकोणीस वर्षांची मुलगी रात्री एक वाजता रडायला लागली.

तिने ती ओळ मनाने लिहिली नव्हती. कॉलेजने वाटलेल्या हँडआउटमध्ये तशीच छापली आहे. मी तो कागद हातात घेऊन बघितला. झेरॉक्सची झेरॉक्स, डाव्या कडेला पंचिंगच्या भोकांचे काळे ठिपके उमटलेले, अर्धविराम आणि स्वल्पविराम यांत फरक कळत नाही इतकी शाई उडालेली. तेवीस पानं, आणि प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात <? ने. तिने सरांना विचारलं होतं म्हणे. सर म्हणाले, 'लॅबमध्ये तर चालतं, तुझ्या मशिनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम असेल.' लॅबमध्ये चालतं, कारण लॅबच्या मशिनवर कुणीतरी कधीकाळी शॉर्ट टॅग ऑन करून ठेवलाय आणि नंतर कुणी तिकडे फिरकलेलं नाही. पूर्ण टॅग लिहा, शॉर्ट टॅगवर विसंबू नका, हे पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. तीन अक्षरं टाइप करायला असा किती वेळ लागतो हो?

आणि हे फक्त पांढऱ्या पानावर थांबत नाही. याच हँडआउटच्या सतराव्या पानावर डेटाबेसला जोडायचा कोड आहे, त्यात युजरनेम आणि पासवर्ड लिहायचाय. उद्या हीच सवय घेऊन एखाद्या पोराने खऱ्या सर्व्हरवर फाइल चढवली आणि तिथे शॉर्ट टॅग बंद असला, तर कंट्रोल यू दाबणाऱ्या कुणालाही तो पासवर्ड वाचता येईल. हे शिकवताय तुम्ही? दुसरं-तिसरं काही नाही, हे!

मला खरा राग कशाचा आला सांगतो. सव्वा वाजता ती म्हणाली, "मामा, बाकी सगळ्यांचं चालतंय. माझंच डोकं नाहीये यात. आईला सांगून टाकू का?" अख्खी संध्याकाळ तिने शंभर गोष्टी करून बघितल्या होत्या, वहीत एकेक लिहून ठेवल्या होत्या, जे चाललं नाही त्यावर फुली मारत. इतक्या पद्धतशीरपणे बग शोधणाऱ्या मुलीला वाटतंय की तिला डोकं नाही! कारण पहिल्या दिवशी कुणी तिला एवढंच सांगितलं नाही की बाई, काहीच दिसलं नाही तर आधी सोर्स बघ. सर्व्हरने काय पाठवलं आणि ब्राउझरने काय दाखवलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हर साइड म्हणतात ते हेच. पूर्ण सत्रात हे एक वाक्य तिच्या कानावर पडलेलं नाही. व्याख्या मात्र पाठ आहे.

त्याआधी पोर्ट ८० चं, म्हणजे वेब सर्व्हरच्या नेहमीच्या दाराचं, रामायण झालंच होतं. शनिवारी अपाची सुरू होईना. पोर्ट आधीच कुणीतरी धरून ठेवलेलं. कुणी ते बघायला नेटस्टॅट ही कमांड लावली तर पीआयडी (प्रोसेसचा नंबर) चार, सिस्टम. आता ती बिचारी सिस्टमला कशी मारणार? विंडोजची एक सर्व्हिस तिथे ठाण मांडून बसलेली असते, हे तिला कुठून कळावं? व्हिडिओवाल्याने सांगितलं, कॉन्फिगमध्ये ८० च्या जागी ८०८० करा, 'आणि बघा गाइज, झालं'. झालं काय, कपाळ! आता पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहावं लागतं, हे सांगायच्या आत त्याचा व्हिडिओ संपला. या 'गाइज'वाल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. यांच्या मशिनवर सगळं आधीच चालू असतं, आणि चालणारी गोष्ट चालवून दाखवण्याला हे शिकवणं म्हणतात. अडतं कुठे, ते यांना ठाऊकच नसतं.

त्याहून वाईट ते 'गूगल कर' म्हणणारे. अरे, पांढऱ्या पानासाठी सर्च काय करायचं? एरर असती तर ती टाकली असती ना!

मी स्वतः अशाच एका रात्री 'हेडर्स ऑलरेडी सेंट', म्हणजे वेळेआधीच काहीतरी छापलं गेलं, या एररपायी तीन तास घालवलेत. एको नाही, मोकळी ओळ नाही, स्पेस नाही. निघालं काय, तर जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाइलच्या डोक्यावर घातलेले तीन अदृश्य बाइट. मराठी लिहायचं म्हणून यूटीएफ-८ निवडलं, हाच काय तो गुन्हा. तेव्हाही विचारलं होतं, तेव्हाही ज्येष्ठांनी 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून वाटेला लावलं होतं. त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही, आणि काल भाचीच्या चेहऱ्यावर मला तोच माणूस दिसला, ज्याला आपलं काय चुकलं हेच कळत नाही.

आणि हँडआउटमधला तो डेटाबेसचा कोड! मायएसक्यूएल कनेक्ट, डेटाबेसला जोडायचं जुनं फंक्शन. या जातीची फंक्शनं पीएचपीने २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीत नापसंत ठरवली, डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आलं त्यात काढूनच टाकली. आज चालवलं तर 'अनडिफाइन्ड फंक्शन' येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. तिच्या मैत्रिणीला कुणीतरी सांगितलं, नावात एक 'आय' घाल, होईल. होत नाही. क्वेरीच्या फंक्शनमध्ये आधी कनेक्शन आणि मग क्वेरी असा क्रम उलटा झालाय, तो कोण सांगणार? मुलींनी सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून ती तेवीस पानं झेरॉक्स केली आहेत. त्यांच्या पैशांची तरी लाज बाळगा.

पहिला प्रोग्राम चालवायला यातलं काहीही लागत नाही, म्हणून जास्त चिडचिड होते. मार्च २०१२ मध्ये ५.४ आलं तेव्हापासून पीएचपीमध्ये टेस्टिंगपुरता सर्व्हर आतच दिलेला आहे. आपल्या फोल्डरमध्ये जायचं, पीएचपी डॅश कॅपिटल एस, लोकलहोस्ट कोलन ८०००, एंटर. अपाची नको, पोर्ट ८० ची मारामारी नको, आयएनआय बदलला की फक्त ती खिडकी बंद करून पुन्हा चालू. प्रत्येक रिक्वेस्ट समोर ओळीने दिसते, ४०४ असेल तर ४०४. काल पावणेदोनला मी तिला हे दाखवलं, तीन अक्षरं घातली, आणि 'नमस्कार' आला. तिने पाच-सहा वेळा रिफ्रेश करून बघितला, परत जातो की काय म्हणून.

मग म्हणाली, "हे दोन मिनिटांचं होतं, मामा?" मला उत्तर देता आलं नाही.

सकाळी तिने जर्नल पूर्ण केलं. सगळे प्रोग्राम हाताने, निळ्या पेनाने, हँडआउटमध्ये आहेत तसेच, <? ने सुरू होणारे, मायएसक्यूएल कनेक्टसकट. तपासताना सर हँडआउट शेजारी ठेवतात आणि ओळ जुळली नाही तर रिमार्क मारतात म्हणे. चालणारा कोड तिने पेन ड्राइव्हमध्ये वेगळा घेतलाय, एक्स्टर्नलने चालवून दाखव म्हटलं तर. फोल्डरला नाव दिलंय 'घरचं'.