नेव्हिसला विचारलं गेलं, विदर्भाला कधी विचारणार?

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळ्या विदर्भाचा वाद पेटतो. अमरावतीचे काका कोळसा, वीज आणि संत्र्यांचे आकडे देतात, पुण्यातली मावसबहीण ते खोडून काढते, आणि गाडी दरवेळी एकाच ठिकाणी अडते: वेगळं झाल्यावर विदर्भाला परवडेल का?

मी कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. बेट 93 चौरस किलोमीटरचं, वस्ती बारा-तेरा हजारांची. विदर्भात 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 30 लाख लोक होते. तरी सेंट किट्स अँड नेव्हिस या देशात राहून नेव्हिसला स्वतःची विधानसभा आहे, स्वतःचा प्रीमियर आहे, स्वतःचा अर्थसंकल्प आहे. आणि देशातून बाहेर पडायचं असेल तर काय करायचं, हे राज्यघटनेतच लिहून ठेवलंय.

ही तरतूद कुणी मनाचा मोठेपणा म्हणून दिलेली नाही. ब्रिटिशांनी 1967 मध्ये सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला या तीन बेटांना मिळून अंतर्गत स्वायत्तता दिली आणि कारभार किट्सवरच्या बासेटेरला ठेवला. त्याच वर्षी 30 मे रोजी अँग्विलाच्या लोकांनी तिथले पोलीस बेटाबाहेर काढले. जुलैत मतदान घेतलं: वेगळं होण्याच्या बाजूने 1,813, विरोधात 5. ब्रिटनने 1969 मध्ये तिथे छत्रीधारी सैनिक उतरवले, पण समोर लढायला कुणी नव्हतंच. 1980 मध्ये अँग्विला किट्सपासून रीतसर सुटलं आणि ब्रिटनच्या अखत्यारीत राहिलं. पुढे इंटरनेटच्या पत्त्यांसाठी देशांना दोन-दोन अक्षरं मिळाली तेव्हा अँग्विलाच्या वाट्याला ‘एआय’ आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, कंपन्या तेच पत्ते विकत घेऊ लागल्या आणि 2023 मध्ये अँग्विलाच्या सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या दोन अक्षरांवर मिळाला. परवडण्याचं गणित 1967 मध्ये कुणी कितीही काटेकोर मांडलं असतं, तरी त्यात हा आकडा आला नसता.

नेव्हिसचं दुखणं वेगळं. 1 ऑगस्ट 1970 रोजी बासेटेरहून नेव्हिसच्या चार्ल्सटाउनकडे निघालेली क्रिस्टीना ही सरकारी बोट बुडाली. क्षमतेच्या दुप्पट माणसं भरली होती, 233 जण गेले. जुन्या माणसांशी बोलायला बसलं की घरातलं कोण त्या बोटीवर होतं हे आजही निघतं. त्याच वर्षी किट्सपासून वेगळं होण्याची मागणी करणारा पक्ष इथे उभा राहिला, आणि 1983 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा घटनेत 113 वं कलम आलं.

ते कलम मी कौतुकाने वाचलं. आधी नेव्हिसच्या विधानसभेत दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी हवी. वेगळं झाल्यावर कारभार कसा चालेल याचा सविस्तर आराखडा मतदानाच्या किमान सहा महिने आधी सभागृहात मांडायचा आणि 90 दिवस आधी मतदारांच्या हाती द्यायचा. मग सार्वमत, त्यातही दोन तृतीयांश मतं. ऑगस्ट 1998 मध्ये ही परीक्षा झाली. वेगळं व्हा म्हणणारे 2,427, नको म्हणणारे 1,498. म्हणजे जवळपास 62 टक्के, तरीही पुरेसे नाहीत. आणखी दोनशे जणांचं मत फिरलं असतं तर आज नेव्हिस स्वतंत्र देश असता. बहुमत मिळवूनही हरलेल्या या लोकांनी निकाल मान्य केला, कारण नियम मतदानाआधी ठरलेला होता.

लहान असण्याचं मी गोडवे गाऊन वर्णन करणार नाही. इथे कोणतं घर कोणत्या पक्षाचं हे साऱ्या गावाला माहीत असतं, आणि सरकार बदललं की सरकारी नोकरीतल्या माणसाला धास्ती वाटते. निवडणुकीला परदेशातले मतदार विमानाने आणले जातात. पण लहान म्हणजे एकटंही नाही. पूर्व कॅरिबियन डॉलर आठ प्रदेशांचा मिळून आहे, वरिष्ठ न्यायालयही सामाईक.

नावाचा आग्रह तर विचारू नका. घटनेने देशाला दोन नावं दिली आहेत, सेंट किट्स अँड नेव्हिस आणि सेंट क्रिस्टोफर अँड नेव्हिस. एखादा नवा विद्यार्थी देशाला नुसतं ‘सेंट किट्स’ म्हणाला की आमच्या ऑफिसमधल्या बाई कागदावरून नजर न उचलता ‘अँड नेव्हिस’ जोडतात. मुंबई-पुण्यालाच महाराष्ट्र समजणाऱ्यांसोबत वाढलेल्या माझ्यासारख्या वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता घरचं बघा. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासनं दिली, नागपूरचं अधिवेशन त्यातलंच. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. 371(2) कलमाखाली 1994 मध्ये विकास मंडळं आली, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. या सगळ्यात चंद्रपूरच्या किंवा वाशीमच्या मतदाराला थेट कधीच विचारलं नाही. घटनेचं तिसरं कलम नवं राज्य करण्याचा अधिकार संसदेला देतं. राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवायचं असतं. 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं आणि तरीही तेलंगण झालं. तेलंगणची मागणी रास्त होती असं मला वाटतं, पण त्या पद्धतीची कडवटपणा मागे ठेवण्याची ताकद मोठी आहे. विदर्भवादी संघटनांनी स्वतः मतपेट्या ठेवून कौल घेतले, त्यांना कायद्यात किंमत नाही.

आपल्याकडे असं विचारता येत नाही, हे मला पटत नाही. 16 जानेवारी 1967 रोजी, अँग्विलाच्याच वर्षी, गोव्याला विचारलं गेलं होतं: महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरण 34 हजार मतांनी हरलं. महाराष्ट्रात अनेकांना ते लागलं, पण त्यानंतर तो प्रश्न मिटला. अगदी अलीकडे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांसाठी लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या गेल्या. नावासाठी लोकांचं म्हणणं घेतलं जातं, तर राज्यासाठी का नको?

माझं स्वतःचं मत एकत्र राहण्याच्या बाजूचं आहे आणि सार्वमत झालं तर काकांना मी तेच सांगेन. पण त्याआधी विदर्भाच्या 62 आमदारांनी, पक्ष कोणताही असो, या अधिवेशनात एक ठराव आणावा: विदर्भात जनमत घेण्याचा कायदा संसदेने करावा, किती टक्के मतं लागतील हे त्यात आधीच ठरवावं, आणि पाणी, कर्ज, वीज, नोकऱ्या यांच्या वाटणीचा आराखडा मतदानाच्या सहा महिने आधी मराठीत आणि हिंदीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा.