सहाला शटर पडलं, पेट्या साडेपाचलाच निघून गेल्या

आज सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. संध्याकाळी सहाला सोलापुरातली वाईन शॉप, बिअर शॉपी, देशीची दुकानं, परमिट रूम, सगळं बंद झालं. बुधवारी विधानसभेचं मतदान संपेपर्यंत बंद, आणि शनिवारी मतमोजणीला पुन्हा बंद. बंदला माझा विरोध नाही. डोकं फिरलंय ते साडेपाचला एका दुकानासमोर बघितलेल्या प्रकारानं. काउंटरवर ही झुंबड. यंत्रमागावरचा एक कामगार, दंडाला आणि केसाला सुताचा कापूस चिकटलेला, थेट पाळीवरून आलेला. दोन क्वार्टर मागत होता. "अण्णा, एकच मिळंल, माल संपलाय." आणि त्याच वेळी बाजूच्या बोळात मागच्या दारातून रिक्षात पेट्या चढत होत्या. सहा पेट्या. वरून चादर टाकली आणि रिक्षा निघाली.

एका पेटीत १८० मिलीच्या ४८ बाटल्या असतात. सहा पेट्या म्हणजे २८८ क्वार्टर. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला परवाना लागतो. वर्षाचा, नाहीतर आयुष्यभराचा, नाहीतर दुकानातच पुस्तकातून फाडून मिळणारा एक दिवसाचा. २८८ बाटल्या कुठल्याच एका माणसाच्या परवान्यात बसत नाहीत. म्हणजे आज रात्री त्या दुकानात बसून कोणीतरी एक दिवसाच्या परवान्यांवर नावं भरत असणार. ज्यांची नावं, त्यातल्या निम्म्यांना पत्ताही नसणार.

आता कायदा बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ सी. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदानक्षेत्रात दारू विकायची नाही, द्यायची नाही, वाटायची नाही. हॉटेल असो, दुकान असो, खाजगी जागा असो. क्लब आणि तारांकित हॉटेलांनाही सूट नाही. मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि माल जप्त. ठीक. पण मत मिळावं म्हणून दारू पाजणाऱ्याला काय? भारतीय न्याय संहितेचं कलम १७३ उघडा. निवडणुकीतल्या लाचेला वर्षभरापर्यंत कैद आहे, आणि लगेच खाली सवलत: लाच खाण्यापिण्याच्या रूपात असेल तर फक्त दंड. जुन्या आयपीसीत १७१ ई मध्ये हेच होतं. नवा कायदा केला तेव्हाही उचलून तसंच ठेवलं. परमिट रूममधल्या पोराने ड्राय डेला मागच्या दारानं एक नाईन्टी दिली तर त्याला तुरुंग होऊ शकतो. रिक्षाभर पेट्या वाटून वस्ती विकत घेणाऱ्याला दंड. मला याचा संताप येतो आणि तुम्हालाही येत असणार.

हो, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते, मान्य. पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायला हवी. कोण करणार? ज्यानं क्वार्टर घेतली तो?

मुळात माल या ४८ तासांत हलतच नाही. तो आधीच्या आठ-दहा दिवसांत हलतो. कार्यकर्त्याच्या हातात चिठ्ठी किंवा टोकन, ठरलेल्या दुकानात दाखवायची, माल घ्यायचा, हिशेब नंतर कोणीतरी एकत्र चुकवतो. तुळजापूर रोड, पुणे रोडच्या ढाब्यांवर बैठका, मटण आणि सोबत बाटल्या, बिलावर फक्त जेवण. त्यात गोवा बनावटीचा माल येतो. बाटलीवर तो गोव्यातच विकायचा असं छापलेलं असतं, अंधारात कोण वाचतो? शिवाय टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. मतदान आपल्याकडे आहे, तिकडं नाही. सीमेला लागून काही अंतर तिकडची दुकानंही बंद ठेवतात, पण मोटरसायकलला त्या अंतराचं काय!

एक कबूल करतो. मतदानादिवशी केंद्रांबाहेर राडे कमी होतात आणि कित्येक घरांतल्या बायकांना दोन रात्री निवांत मिळतात. मिळू देत.

पण मग अर्धं काम करू नका. सील लावलेल्या कुलपाचा फोटो काढून तपासणी होत नाही. उद्या सकाळी उत्पादन शुल्कच्या पथकानं दुकान उघडायला लावावं आणि ब्रँडनुसार रोजची साठा नोंदवही मागावी. कालचा शिल्लक साठा, अधिक घाऊक गोदामाच्या वाहतूक पासवर आलेला माल, वजा विक्री. उत्तर फळीवरच्या बाटल्यांशी जुळतं का ते मोजावं. मग पंधरा दिवसांची विक्री मागच्या वर्षीच्या याच पंधरा दिवसांशी ताडावी, त्यात दिवाळी कुठं पडली तेवढं लक्षात घेऊन. मग परवान्यांची पुस्तकं. एकाच अक्षरात, एकाच पेनानं, ओळीनं वीस नावं दिसली तर त्यातल्या दोघांच्या घरी जाऊन विचारावं. दुकानाचा आणि मागच्या बोळाचा सीसीटीव्ही आजच जप्त करावा, कारण काही दिवसांत वरून नवीन रेकॉर्डिंग चढतं. सहा पेट्यांची ती रिक्षा यातूनच सापडेल, दुसऱ्या कशातून नाही.

आणि आपण? निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढायचा. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, जागा आपोआप नोंदते, नाव न देता तक्रार करता येते. शंभर मिनिटांत निपटारा व्हावा अशी त्याची रचना आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरवून काही होत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, आणि काउंटरवरचा तो कामगार डोळ्यापुढून जाईना. त्याला एकच क्वार्टर मिळाली. ती आज रात्रीच संपणार. उद्या दुकान बंद. मग तो कुठं जाणार? हातभट्टीकडं, नाहीतर ताडीकडं. ताडीत क्लोरल हायड्रेट, म्हणजे गुंगी आणणारं रसायन, मिसळतात हे सोलापुरात कोणाला नवीन नाही. पन्नीतल्या दारूत मिथेनॉल असेल तर वासानं किंवा चवीनं ओळखू येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती यानंच. त्रास बहुतेक १२ ते २४ तासांनी सुरू होतो, म्हणून लोक त्याला हँगओव्हर समजतात. पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, डोळ्यापुढं धुकं किंवा पांढरं दिसणं. असं झालं तर लिंबूपाणी देत बसू नका. सरळ सिव्हिल गाठा, सोबत जो प्यायला होता त्यालाही घेऊन जा, त्याला अजून काही होत नसलं तरी.

आणि जो काहीच न पिता घरी बसेल? रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरातल्यांना ओळखत नाही. यात जीव जातो. बंदचे ४८ तास आणि हे ४८ तास एकमेकांवर बसतात. बंदचा आदेश काढणाऱ्या कोणीतरी त्याखाली दोन ओळी यावर लिहायला काय हरकत होती?

तुमच्या घरात, शेजारी असा कोणी असेल तर उद्याच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली, दोन्ही खरं सांगा. तिथं थरथर आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या देऊन त्या रोज कमी करत आणतात. गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. आधी थायमिन, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज. उलटं झालं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका. फिट आली तर कुशीवर झोपवा, तोंडात चमचा घालू नका, १०८ ला फोन लावा. नुसतं बोलायचं असेल, काय करावं सुचत नसेल, तर टेली मानसचा १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात.