कॅप्सूलची पाठ विसरू नका

वातावरणात शिरणाऱ्या अंतराळ-कॅप्सूलवरच्या तुमच्या लेखात तिच्या पुढच्या उष्णतारोधक कवचावर भरभरून लिहिलंय, पाठीमागचा भाग मात्र एका ओळीत उरकलाय. खरी गुंतागुंत तिथेच आहे. कवचाच्या कडेशी, म्हणजे खांद्यापाशी, हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि मागे विरळ हवा गोल फिरत राहते. सुटलेला थर पुन्हा पाठीला चिकटला, तर तिथली उष्णता एकदम वाढते.

हवेच्या घनतेतले फरक दाखवणाऱ्या श्लिरेन छायाचित्रात हे नीट कळत नाही, कारण त्यात प्रकाशाच्या वाटेतले सगळे फरक एकावर एक साचतात. म्हणून नासाच्या लँगली केंद्रात, माख १० च्या (ध्वनीच्या दहापट वेगाच्या) वातबोगद्यात, कॅप्सूलच्या छोट्या मॉडेलमधून थोडा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतात आणि सुमारे २२६ नॅनोमीटरच्या लेसरचा पातळ पडदा आरपार टाकतात. लेसर पडला की हा वायू चमकतो, म्हणून जिथे वायू तिथे चमक. काकडीची एकच चकती पाहावी तसं! लेसरचा स्पंद काही नॅनोसेकंदांचाच असल्याने प्रवाह गोठल्यासारखा दिसतो. (शॉक टनेलमध्ये, म्हणजे आघात-तरंगाने हवा तापवणाऱ्या बोगद्यात, हवा इतकी तापते की हा वायू आपोआपच तयार होतो.)

पण जास्त चमक म्हणजे जास्त वायू असं सरळ गणित नाही. तापमान आणि दाबही त्यात लुडबुड करतात. शिवाय मॉडेलला मागून धरणारा दांडा नेमका याच प्रवाहात उभा असतो, त्याचा परिणाम कसा वजा करतात तेही लिहा ना.