उंदराने कुरतडलेलं भोक: तुर्भ्याच्या काकांना उत्तर

काका (तुर्भे एमआयडीसीत 20 वर्षं पत्र्याचं काम करतो असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतो, राग मानू नका), तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि खरं सांगायचं तर डोकंच फिरलं, उत्तर टाइप करून झालं होतं, मग बायकोने फोन काढून घेतला. सकाळी उठून कॅबिनेटकडे नीट बघितलं आणि म्हटलं च्यायला, निम्मं तरी बरोबर बोलतोय माणूस.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधे मी कॉम्प्युटरचं 2011 चं जुनं कॅबिनेट 690 रुपयात हाताने कसं सुधरवलं ते लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की हवा यावी म्हणून फॅनसाठी पाडलेलं पुढचं भोक उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय, हार्डडिस्कचा पिंजरा काढून कॅबिनेट खिळखिळं केलंय, रंग मारलेल्या बॉडीला अर्थिंग लागत नाही आणि हे वाचून पोरं शॉक खातील, टेम्परेचर 12 डिग्री उतरलं ही थाप आहे, 690 चा हिशोबही खोटा, आणि एवढं करण्यापेक्षा तीन हजाराचं नवीन आणावं, गरिबीचं कौतुक करू नये.

आधी थापेचं बोलू कारण तिथे मी उघडा पडलोय. ग्राफिक्स कार्डचं आधीचं 83 मी मे महिन्यात मोजलं होतं, नंतरचं 71 जुलैत. मेमधे आमची खोली दुपारी 34 ला होती, जुलैत पाऊस पडत होता आणि खोली 28. म्हणजे 12 मधले 6 तर पावसाने दिले आणि नाव मी माझ्या भोकाचं लावलं. मुद्दाम नाही केलं हो, डोक्यातच आलं नाही. मग या रविवारी नीट केलं, खोली 29 ला, तोच गेम अर्धा तास चालवला, 72. मग पुढच्या भोकावर बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा टेपने घट्ट लावला आणि परत अर्धा तास, 77. म्हणजे खरा फरक 5 डिग्री. मागच्या पोस्टमधे आकडा बदललाय. आणि कोणी असं मोजणार असेल तर हे पुठ्ठ्याचंच करा, एकाच दिवशी, एकाच खोलीत, नाहीतर आपल्याकडच्या हवेत काहीही सिद्ध करता येतं.

आता भोक. काका, तुमच्याकडे पंच आहे, 120 चा होल सॉ (गोल भोक एकदम कापणारी करवत) असेल, माझ्याकडे शेजारच्यांची मागून आणलेली ड्रिल मशीन होती आणि 4 एमएमचे दोन बिट. 120 एमएमच्या फॅनला स्क्रूची भोकं 105 वर येतात, त्याच्या आत मी कंपासने 114 चा गोल काढला, त्याचा घेर येतो 358, दर 5 एमएमवर एक भोक म्हणजे 71 भोकं. एकाहत्तर! प्रत्येकाच्या आधी खिळ्याने टोचा मारायचा नाहीतर बिट पत्र्यावर घसरतो आणि रंगावर ओरखडा, हे मला चौथ्या भोकाला कळलं, तो ओरखडा फोटोत दिसतोय तुम्हाला. मग मधल्या चिंचोळ्या पट्ट्या छिन्नीने तोडल्या आणि उरली ती उंदराची दातकडी. तिथून पुढे अर्धगोल कानस आणि तीन संध्याकाळी. कानशीचा आवाज कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको, खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर येऊन गेले. फोटो दुसऱ्या संध्याकाळचा आहे काका, तिसऱ्याचा टाकायला पाहिजे होता. तरी गोल गोल झालेला नाहीये हे मान्य, डावीकडे खाली चपटा आहे. पण हवेला ते कळत नाही.

लोखंडाच्या भुशाने मदरबोर्ड शॉर्ट होईल असंही तुम्ही म्हणालात. ड्रिल लावायच्या आधी आतलं सगळं बाहेर काढलं होतं, बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), वायरी, सगळं, नुसता पत्र्याचा डबा उरला होता. काम झाल्यावर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं, पिशवी उलटी केली की भुसा पिशवीतच राहतो, आणि मग डबा सरळ बाथरूममधे नेऊन भांड्याच्या साबणाने धुतला, दोन दिवस फॅनखाली वाळवला. कापलेल्या कडेला रेड ऑक्साइड (गंज न लागण्यासाठीचा रंग) लगेच. आम्ही बाळकुमला राहतो, खाडी जवळ, इथे उघडा पत्रा आठवड्यात लाल होतो. कडेवर फिशटँकच्या पंपाची नळी मधोमध चिरून बसवलीय म्हणजे वायर कापायची नाही आणि बोटही. हे सगळं पोस्टमधे लिहायला पाहिजे होतं, नुसतं "मग भोक पाडलं" असं लिहून मी पुढे गेलो ती चूकच. कुणा पोराने बोर्ड आत ठेवून ड्रिल चालवली असती तर पाप माझ्या माथी.

अर्थिंगवर मात्र मी तुमच्याशी भांडायच्या तयारीत होतो. कारण एसएमपीएस मागे ज्या चौकटीला स्क्रूने बसतो ती मी टेप लावून कोरी ठेवली होती, बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे खुंट) जिथे बसतात तिथेही रंग नाहीये. तीन पिनच्या वायरीतून अर्थ एसएमपीएसच्या बॉडीला येतो, तिथून स्क्रूने कॅबिनेटला, साखळी पूर्ण. हे तुम्हाला फोटोसकट दाखवून गप्प करायचं म्हणून टेस्टर घेऊन मागच्या स्क्रूला लावला.

आणि टेस्टर लागला.

तुमच्या बोलण्यात तथ्य होतं, फक्त जागा वेगळी. दोष रंगात नव्हताच, भिंतीत होता. एसएमपीएसमधे फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले, त्यातला विजेचा कचरा अर्थमधे सोडायचा म्हणून. आता अर्थच नसेल तर बॉडीवर साधारण अर्धं व्होल्टेज, आपल्या 230 चं 115 च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा म्हणून सहसा माणूस मरत नाही, पण पाय ओले असले की हाताला मुंग्या येतात. आणि मला त्या मुंग्या गेली दोन वर्षं येत होत्या! मी समजत होतो की असतं असं. वायरमन आला, भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, सॉकेटला तिसरं भोक होतं पण त्याच्या मागे वायरच नव्हती, हिरवी वायर आत गुंडाळून टेप मारून ठेवलेली, कुणाची कृपा देव जाणे. त्याने ती जोडली आणि मेन बोर्डाला अर्थ येतोय ना तेही तपासलं, आता टेस्टर लावला तर विझलेला. यासाठी काका तुम्हाला मनापासून थँक्यू, तुम्ही चिडवलं नसतं तर टेस्टर ड्रॉवरमधून बाहेर आलाच नसता. वाचणाऱ्यांनी पण आज घरी टेस्टर लावून बघा, कॅबिनेट जुनं असो की नवं. टेस्टर लागला तर सॉकेट स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा.

पिंजऱ्याचं तुम्ही म्हणता ते खरंय, तो नुसता डिस्क धरायला नसतो, वरचा आणि खालचा पत्रा त्याच्यावर तोललेला असतो. माझं कार्ड 24 सेंटीमीटर आणि पिंजऱ्यापर्यंत जागा 22, म्हणून रिबिटा ड्रिलने उडवून तो काढावाच लागला. काढल्यावर कॅबिनेट उचललं की पिळ पडायचा, झाकण बसायचं नाही. आता तिथे अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल उभा लावलाय, आमच्या जुन्या स्लायडिंग खिडकीचा, फुकट. डुलत नाही आता.

हिशोब. पकडलंत तुम्ही. वापरलेले दोन फॅन 300, कानस 120, बिट 60, रेड ऑक्साइड 90, सीडी ड्राइव्हच्या जागी काळी अ‍ॅक्रेलिकची पट्टी (वागळे इस्टेटमधे पाट्या बनवणाऱ्याकडची कातरण) 80, पॉलिश पेपर 40. झाले 690. स्प्रेचे डबे मी धरले नव्हते कारण लाज वाटत होती. भर पावसाळ्यात गॅलरीत स्प्रे मारला, हवेत एवढा दमटपणा की काळ्या रंगावर दुधाची साय धरल्यासारखा पांढरट थर आला, सगळं घासून परत. दोनाचे तीन डबे, 250 ने 750. एकूण 1440. आता यात बघा, पुढून हवा यायला लागली ती 420 मधे, एक 150 चा फॅन अजून पडून आहे, आणि 870 नुसते नटण्यासाठी गेले. तीन हजाराच्या नव्या कॅबिनेटबद्दल मला एवढंच म्हणायचंय की त्या भावात दुकानात जी मला दाखवली त्यातल्या तीनपैकी दोघांना पुढे सलग काच होती, लाइट लावलेले, हवा बिचारी बाजूच्या फटीतून येणार. म्हणजे नवं आणून परत तेच भोक पाडायचं. माझ्या जुन्या डब्यात खोट एकच होती, पुढचं तोंड बंद, आणि बोर्डाच्या स्क्रूच्या जागा 1995 मधे इंटेलने एटीएक्स हे बोर्डाचं ठरलेलं माप काढलं तेव्हापासून त्याच आहेत, मग डबा टाकायचा कशाला? हात तंग असेल त्याने 420 वर थांबावं. रंग दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, तेही मन झालं तर.

गरिबीचं कौतुक वगैरे मी केलं नाही काका. पैसे नव्हते म्हणून केलं, मग मजा आली म्हणून लिहिलं.

आणि हो, पुढच्या भोकाला खिडकीची मच्छरजाळी लावलीय, इथे मेट्रोच्या कामाची धूळ एवढी की पंधरा दिवसात जाळीची गोधडी होते, झटकावी लागते.

आता तो पडून असलेला फॅन. तो बाजूच्या झाकणाला, कार्डाच्या बरोबर समोर बसवायचाय, परत 114 चा गोल, परत 71 भोकं, आणि खालचे आजोबा या वेळी सोसायटीत तक्रार करणार. तुम्ही लिहिलंय ना की माझ्याकडे आला असतात तर 10 मिनिटात मारून दिलं असतं? झाकण सुटं निघतं, सपाट पत्रा आहे, खुणा करून ठेवल्यात. ठाण्याहून वाशी लोकल पकडून तुर्भ्याला उतरतो, शनिवारी चालेल का? किती घ्याल तेही आधीच सांगा, या वेळी हिशोबात धरतो.